उमजेचा वेग

तांब्याच्या उभ्या नळीत वरून लोहचुंबक सोडला की तो धपकन खाली पडत नाही. तांब्याला चुंबक चिकटत नाही, नळी आतून गुळगुळीत असते, तरीही तो मधात पडलेल्या खड्यासारखा सावकाश उतरत राहतो. परतवाड्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. वैजयंती खोडके दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला हे दाखवायच्या, मग कारण समजावून सांगायच्या, की पडत्या चुंबकामुळे नळीत गोल फिरणारा वीजप्रवाह तयार होतो आणि तोच चुंबकाला अडवतो, आणि विचारायच्या, "आलं लक्षात?"

त्या वर्षी सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. फक्त मागच्या बाकावरची सुमरती मावसकर म्हणाली, "मले नाही समजलं, मॅडम."

दोन-तीन मुलं हसली. सगळ्यांच्या कपाळावर बोटभर रुंदीचा राखाडी पट्टा होता. वैजयंतीबाईंनी टेबलावरच्या पडद्याकडे नजर टाकली आणि त्यांनाही हसू आलं, पण वेगळ्या कारणाने. माना डोलावणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना काहीच समजलेलं नव्हतं. सुमरतीने ते बोलून दाखवलं होतं, एवढाच फरक.

तो पट्टा म्हणजे त्यांची आणि त्यांचा जुना विद्यार्थी निखिलेश टेकाडे याची अनेक वर्षांची मेहनत. मेंदूतल्या पेशी काम करतात तेव्हा अतिशय सूक्ष्म चुंबकत्व निर्माण होतं. ते मोजायला पूर्वी खोलीएवढं यंत्र लागायचं. नव्या संवेदकांमुळे ते कपाळपट्टीत मावायला लागलं होतं. पण नेमकं मोजायचं काय, हा प्रश्न या दोघांनी सोडवला. मेंदू सतत पुढे काय होईल याचा अंदाज बांधत असतो. अंदाज चुकला की एक ठरावीक लहर उठते. पाठ केलेलं उत्तर आठवताना ही लहर दबते, पण तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की पुन्हा उसळते. गोष्ट खरोखर समजली असेल, तर मात्र कधी न पाहिलेल्या प्रश्नालाही ती शांत राहते. मेंदूच्या लांबलांबच्या भागांची लय एकमेकांशी जुळते आणि ती लहर खाली बसते. तो क्षण त्यांना पकडता आला होता. निखिलेशने त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं. वैजयंतीबाई त्याला 'उमज' म्हणायच्या, आणि पुढे हिंदी-मराठी वर्तमानपत्रांत तेच रुळलं.

वर्षाच्या सुरुवातीला पट्टे वाटताना बाईंनी मुलांना सांगितलं होतं, "यातून जे दिसेल ते माझ्यासाठी आहे. मी कुठे चुकतेय ते मला कळावं म्हणून. तुमच्या निकालाशी याचा काही संबंध नाही."

तेव्हाही सुमरतीनेच विचारलं होतं, "उद्या कोणी मागतलं तं?"

"देणार नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या होत्या.

सुमरती सेमाडोहच्या पुढच्या एका गावातून आली होती. घरी कोरकू, आश्रमशाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तकं. तिला प्रत्येक गोष्ट तीन वेळा उलगडावी लागायची. नळीच्या प्रयोगानंतर ती कित्येक दिवस प्रयोगशाळेत येत राहिली. "नळीले कसं कळते मॅडम, चुंबक येऊन राह्यला म्हणून?" असले तिचे प्रश्न. कधी वैजयंतीबाईंकडे उत्तर असायचं, कधी त्या स्वतःच विचारात पडायच्या. एका दुपारी सुमरती म्हणाली, "नळी उभी चिरली तं?"

कार्यशाळेतून नळीला वरपासून खालपर्यंत फट पाडून आणली. चुंबक आत सोडला, तसा तो जवळजवळ सरळ खाली येऊन टेबलावर आपटला. सुमरती त्या नळीकडे बघत राहिली. "करंटाले गोल फिराले जागाच नाही राह्यली," ती हळूच म्हणाली. "म्हणून आता त्याले अडवाले फारसं कोणी नाही." पडद्यावरची लहर खाली बसली आणि तिथेच राहिली. वैजयंतीबाईंनी तिला आणखी सात-आठ प्रश्न टाकले, प्रत्येक वेगळा. लहर हलली नाही.

त्या दिवशी त्यांनी निखिलेशला फोन करून हे सांगितलं. तो हसला. "मॅडम, तुम्ही बदलला नाहीत," तो म्हणाला.

निखिलेश अंजनगावचा. बी.एस्सी.ला दोनदा नापास झाला होता. घरचे त्याला दुकानात बसवायला निघाले होते, तेव्हा वैजयंतीबाई त्याच्या वडिलांना जाऊन भेटल्या. तीन वर्षं त्या त्याला उन्हाळ्याच्या सुट्टीतसुद्धा प्रयोगशाळेत बोलवत राहिल्या. पुढे तो पुण्याला गेला, परदेशात जाऊन आला, मोठा झाला. पण संशोधन त्याने बाईंबरोबरच केलं. तो लोकांना सांगायचा, की मला विज्ञान कोणी शिकवलं असेल तर परतवाड्यात.

मग देशाच्या उच्चशिक्षणाची फेररचना करायला राष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि निखिलेश त्याचा विज्ञान सदस्य झाला. पहिल्याच वर्षी आयोगाने विद्यापीठांच्या लेखी परीक्षा बंद केल्या. पदवी मिळेल ती उमजेवर. विषयातल्या मूळ संकल्पना ठरवून दिलेल्या; त्या समजल्या की पुढे जायचं, मग कितीही दिवस लागोत. गाईडं छापणाऱ्यांनी शटर ओढलं. पेपर फुटण्याच्या बातम्या थांबल्या, कारण फुटायला पेपरच उरला नाही. नागपूरच्या मोठ्या सभागृहात वैजयंतीबाईंचं भाषण झालं तेव्हा लोक उभे राहिले. बाईंना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. आपण ज्यासाठी शिकवायला लागलो ते आता कायद्यात लिहिलंय, असं त्या घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या.

संशोधनाचे पुढचे दोन भाग त्यांनी वाटून घेतले होते. निखिलेश वेग पाहायचा, म्हणजे नवी गोष्ट समजायला कोणाला किती वेळ लागतो ते. त्याच्या लक्षात आलं होतं, की सुरुवातीच्या थोड्याशा नोंदींवरून पुढचा वेग बऱ्यापैकी सांगता येतो. वैजयंतीबाई टिकाव पाहायच्या. वर्षभराने त्याच विद्यार्थ्याला बोलवायचं, तीच संकल्पना वेगळ्या रूपात समोर ठेवायची, आणि उमज शिल्लक आहे की विरली ते बघायचं. वेग आणि टिकाव यांचं फारसं नातं नाही, असं त्यांना दिसत होतं. उलट सावकाश समजलेल्यांत बऱ्याच जणांची उमज जास्त खोल रुजलेली होती. दोन्ही भाग एकत्रच प्रसिद्ध करायचे, असं दोघांचं ठरलं होतं.

जून महिन्यात सुमरती प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात फोन होता. आत न येताच तिने तो बाईंपुढे धरला.

आयोगाचा संदेश होता. यंदापासून विद्यार्थ्यांचे दोन प्रवाह. पहिल्या प्रवाहाला शिक्षक, प्रयोगशाळा, पुढची पदवी. दुसऱ्याला पडद्यावरचे धडे आणि एक कौशल्य प्रमाणपत्र. प्रवाह ठरणार उमजेच्या वेगावर. सुमरती मावसकर, प्रवाह दुसरा.

"पण तू तर पदवीच्या मध्यावर आहेस," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आता नाही. त्यायले कोणी देलं हे?"

"काय?"

"माह्या डोक्यातलं. आयोगाचे पट्टे तं अजून आमच्या कपाळाले लागलेच नाही. आमचा वेग त्यायच्यापाशी आजच कसा?"

वैजयंतीबाई खाली बसल्या. वर्गातल्या रोजच्या नोंदी संशोधनाच्या सामायिक संगणकावर जायच्या. तो संगणक निखिलेशच्या संस्थेत होता.

"मी नाही दिलं, सुमरती."

"तुम्ही म्हणाल्या होत्या, कोणी मागतलं तरी देणार नाही."

"मला कोणी मागितलंच नाही."

सुमरतीने फोन खिशात टाकला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तशी बाईंकडे बघत होती. "म्हणजे तसंच नेलं," ती म्हणाली आणि गेली.

निखिलेशने फोन उचलला नाही. त्या आठवड्यात आयोगाची जाहीर सुनावणी नागपूरला होती. वैजयंतीबाई पहाटेच्या बसने निघाल्या. वाटेत त्या मनात एकच गोष्ट घोळवत होत्या, की काहीतरी गोंधळ झाला असणार, निखिलेशच्या हाताखालच्या कोणीतरी घोळ घातला असणार. त्या पोचल्या, नाव सांगितलं, आणि त्यांना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवण्यात आलं.

बोलायची पाळी आल्यावर त्यांनी शांतपणे मांडलं: वेग हा अर्धा निष्कर्ष आहे. उरलेला अर्धा टिकावाचा. तो पाहिल्याशिवाय मुलांची विभागणी करणं शास्त्राला धरून नाही.

आयोगाचे अध्यक्ष प्रभुदेसाई हे निवृत्त सनदी अधिकारी होते. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, माझा जरा गोंधळ होतोय. टिकावाचा भाग तुम्ही स्वतःच मागे घेतलात ना? डॉ. टेकाडे म्हणाले, की तुमच्याच मते तो अजून कच्चा आहे आणि वेगावर प्रवेश द्यायला तुमची हरकत नाही. खरं सांगतो, आमच्यातल्या काहींना शंका होती. तुमच्या शब्दावर आम्ही पुढे गेलो."

निखिलेश व्यासपीठावरच बसला होता. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

"मी असा शब्द दिलेला नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी निखिलेशकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. नियम अधिसूचित झालेले आहेत, म्हणणं नोंदवून घेतलं आहे, असं म्हणून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

मधल्या सुट्टीत निखिलेश स्वतःच व्हरांड्यात आला. "चहा घ्याल, मॅडम?"

"तू माझ्या नावाने बोललास."

"हो."

वैजयंतीबाई सबबीची वाट बघत होत्या. ती आली नाही.

"का?"

"तुम्ही हो म्हणाला नसता."

व्हरांड्यातून माणसं ये-जा करत होती. काही जण ओळखीने नमस्कार करत होते आणि निखिलेश सवयीने मान लववत होता. मग तो म्हणाला, "टिकाव मोजायला वर्ष लागतं. प्रवेश जूनमध्ये असतात. मी थांबलो असतो तर सरकारने परत परीक्षा आणल्या असत्या. दबाव किती होता, तुम्हाला कल्पना नाही. आणि शिकवणारी माणसं आहेत कुठे? निम्म्या जागा रिकाम्या आहेत. जो एक शिक्षक हातात आहे, तो महिनाभर एका मुलावर घालवायचा, की तेवढ्याच वेळात वर्गभर मुलं पुढे न्यायची?"

"तुझ्यावर मी किती घालवला?"

"तीन वर्षं." त्याने हे लगेच सांगितलं. "पट्टा तयार झाला तेव्हा पहिल्यांदा मी तो माझ्याच कपाळाला बांधला होता, मॅडम. माझा वेग मला माहीत आहे. मी दुसऱ्या प्रवाहात गेलो असतो."

"आणि तरी?"

"म्हणूनच." त्याचा आवाज खाली आला. "त्या तीन वर्षांत तुम्ही बाकीच्यांना किती देऊ शकला असता, याचा मी खूप विचार केलाय. माझ्याबरोबरची हुशार मुलं होती. त्यांना तुम्ही मिळालाच नाहीत. मी तुमचा ऋणी आहे. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत, ते देशाला परवडणारं नव्हतं."

वैजयंतीबाईंना त्याच्या खोटेपणाचा राग आला होता, तो त्या क्षणी कुठेतरी मागे पडला. त्याने त्यांचं नाव वापरलं, नोंदी नेल्या, हे सगळं समजण्यासारखं तरी होतं. पण त्यांच्या आयुष्यात त्यांना ज्या एका गोष्टीबद्दल कधी शंका आली नव्हती, तिच्यावर त्याने काट मारली होती, आणि तीही नम्रपणे, 'मॅडम' म्हणत.

त्यांनी चहा घेतला नाही.

पुढच्या काही महिन्यांत वेग हा शब्द घराघरांत शिरला. लग्नाच्या स्थळांत उंची-शिक्षणाबरोबर वेग विचारला जाऊ लागला. शहरांत चौथी-पाचवीच्या मुलांचा वेग वाढवून देणारे वर्ग निघाले. परतवाड्याच्या महाविद्यालयात पहिल्या प्रवाहाची मुलं इतकी कमी भरली, की भौतिकशास्त्र विभाग पडद्यांचं केंद्र करायचं ठरलं. नव्या संशोधनाला परवानगी द्यायचं आयोगाने नाकारलं, त्यामुळे वर्षानंतरची तपासणी पुन्हा करून दाखवायचा मार्गही बंद झाला. हातात होत्या त्या जुन्याच नोंदी. त्या वैजयंतीबाईंनी स्वतःच्या प्रयोगशाळेत वेगळ्या ठेवल्या होत्या, कारण टिकावाचं काम त्यांच्याकडे होतं.

अमरावतीच्या वकील तहसीन काझी यांनी शिक्षण न्यायाधिकरणात दावा लढवायची तयारी दाखवली. त्या स्पष्टवक्त्या होत्या. "मॅडम, भावनेवर हे टिकणार नाही. सावकाश शिकणाऱ्यांची उमज पक्की असते, हे दाखवणारा पुरावा देशात फक्त तुमच्याकडे आहे. पण नुसते आकडे चालणार नाहीत. समोरचे म्हणतील, ही मुलं खरी आहेत कशावरून? नावांसकट द्यावं लागेल."

"मुलांना विचारावं लागेल."

"कायद्याने गरज नाही. नोंदी संस्थेच्या, आणि तुम्ही संशोधनप्रमुख आहात."

"विचारावं लागेल," वैजयंतीबाई पुन्हा म्हणाल्या.

त्यांनी त्या वर्गातल्या मुलांना महाविद्यालयात बोलावलं. बरीच आली. काही पहिल्या प्रवाहात गेली होती, ती दाराजवळ अवघडून उभी राहिली. बाईंनी सगळं सांगितलं, निखिलेशबद्दलही, आणि परवानगी मागितली.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माह्या बहिणीची सोयरीक मोडली. पोराकडचे म्हणाले, भावाचा वेग असा तं बहिणीचा कसा असणार. अन् आता कोर्टात नाव वाचाचं म्हणता?"

"जिंकलो तर हे सगळं थांबेल."

"अन् नाही जिंकलो तं?"

सुमरती खिडकीपाशी बसली होती. तिच्याकडे सगळ्यांचे डोळे वळले, कारण टिकावाच्या नोंदींत सर्वांत ठळक नोंद तिची होती, हे बाईंनी आत्ताच सांगितलं होतं.

"आम्ही हळू आहो, हे एकदा सांगून झालं," ती म्हणाली. "आता हळू आहो पण पक्के आहो, हे सांगाले पुन्हा डोकं उघडून दाखवाचं. पह्यले तुम्ही पाह्यलं, मंग त्यायनं पाह्यलं, आता जज पाहील. नाही मॅडम. माह्यं नाही."

तिच्यानंतर एकेकाने नाहीच म्हटलं. पहिल्या प्रवाहातली दोन मुलं हो म्हणायला तयार होती, पण त्यांच्या नोंदींचा दाव्याला उपयोग नव्हता. जाताना कोणी पाया पडलं नाही. यापूर्वी मुलं पडायची, तेव्हा त्या रागवायच्या.

न्यायाधिकरणापुढे दावा तीन बैठकांत उरकला. शेवटच्या बैठकीआधी तहसीन काझींनी वैजयंतीबाईंना बाहेर बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. "मॅडम, ही लाखो मुलांची गोष्ट आहे. एका वर्गासाठी तुम्ही ती सोडताय."

"मला माहीत आहे."

"मुलं रागात आहेत. उद्या तीच तुम्हाला धन्यवाद देतील."

"निखिलेशलाही असंच वाटलं होतं, माझ्याबद्दल," वैजयंतीबाई म्हणाल्या.

आत न्यायाधिकरणाच्या अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर खोडके, तुम्ही म्हणता त्या नोंदी अस्तित्वात आहेत?"

"आहेत."

"तुमच्या ताब्यात?"

"हो."

"सादर करणार का?"

"नाही."

"कारण?"

"ज्यांच्या आहेत ते नको म्हणतात."

आयोगाच्या वकिलाला फारसं बोलावंच लागलं नाही. ज्या पुराव्यावर दावा उभा आहे तो पुरावाच वादी द्यायला तयार नाहीत, एवढं म्हणून तो बसला. दावा फेटाळला गेला.

जिन्यावर निखिलेश उभा होता. तो थकलेला दिसत होता. "टिकावाचा तुमचा निष्कर्ष बरोबर आहे," तो म्हणाला. "मी माझ्याकडच्या नोंदींवर तपासून पाहिलं होतं. मागच्याच वर्षी."

"मग आत उठून सांगायचं होतंस."

वैजयंतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्या उन्हाळ्यांत प्रयोगशाळेत घाम पुसत बसलेला मुलगा त्या चेहऱ्यात त्यांना शोधायचा होता, पण तो दिसेना. त्या कठड्याला धरून खाली उतरल्या. निखिलेश त्यांच्या मागोमाग आला नाही.

दिवाळीनंतर त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. घरी बसून करमेना. शेजारच्या दोन मुलींना त्या गणित शिकवू लागल्या, पण मुलींच्या आईला वेग वाढवणारा वर्ग हवा होता, म्हणून तेही सुटलं. सुमरती सेमाडोहजवळ वाहनांच्या चार्जिंग स्टेशनवर काम करते, असं त्यांना महाविद्यालयाच्या शिपायाकडून कळलं होतं. कित्येक दिवस जावं की नको यात गेले. एका सकाळी त्या चिखलदऱ्याच्या रस्त्याने घाट चढून गेल्या.

सुमरती एका जीपला केबल जोडत होती. तिने बाईंना बघितलं, काम पुरं केलं, मग हात पुसत आली. शेडखाली बाकडं होतं. तिने बाईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं, स्वतः उभीच राहिली.

"हारल्या म्हणे तुम्ही."

"हो."

"कागद जवळ असून देले नाही."

"तुम्ही नको म्हणाला होता."

सुमरती रस्त्याकडे बघत राहिली. सागाची पानं वाळून रस्त्यावर पडली होती, एक गाडी त्यांच्यावरून करकरत गेली.

"मॅडम, त्या दिवशी मी रागात होती. सगळ्याइच्या समोर तुम्ही विचारलं अन् माह्या तोंडून नाही निघालं. मंग मले वाटलं तुम्ही येसान. घरी येसान, मायसंग बोलसान, पुन्हा विचारसान. मी वाट पाह्यली." तिचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या खेपेलेबी मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक. तिसऱ्या खेपेले नसतं म्हटलं. तुम्हाले तं माहीत आहे, मले येळ लागते."

वैजयंतीबाईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. आपण शब्द पाळला, एवढ्याच आधारावर त्या हे सगळे महिने उभ्या होत्या. तो आधार समोरच्या मुलीने इतक्या साध्या आवाजात काढून घेतला, की त्यांना रडूही आलं नाही.

"आता विचारलं तर?" त्यांनी विचारलं.

"आता मुदत आहे का?"

"नाही. अपिलाची मुदत गेली."

सुमरतीने मान हलवली, जणू तिला ते आधीच ठाऊक होतं. जीपवाला हाका मारत होता. ती गेली, केबल काढली, त्याच्याशी काहीतरी हसून बोलली, मग पुढची गाडी घेतली.

दुपारी परतवाड्याची बस आली. वैजयंतीबाईंनी कंडक्टरला हाताने नाही म्हणून सांगितलं. सुमरतीने ते पाहिलं. तिच्या डब्यातली अर्धी भाकर तिने झाकणात काढून बाईंपुढे ठेवली आणि पुन्हा कामाला गेली. संध्याकाळच्या बसचीही वेळ झाली. बस थांबली, दार उघडलं, कोणी चढलं नाही तशी निघून गेली. उन्हं डोंगरामागे गेली होती. सुमरतीची पाळी सुटायला अजून वेळ होता, आणि वैजयंतीबाई बाकड्यावरून उठल्या नाहीत.